मध्यंतरानंतर

डोळे मिटलेले नाहीत, जड झालेत एवढंच. शुक्रवार आहे, दुपारचा बाराचा खेळ. थेटरात मोजून सात माणसं. एसी एवढा लावून ठेवतात की मी शाल घेऊनच येते. पडद्यावर एक बँडवाला आणि त्याची मुलगी आहे. मुलीला ट्रम्पेट वाजवायचंय, बाप नको म्हणतोय. अर्धा तास झाला, बाप अजून नकोच म्हणतोय. आणि हल्लीचे हे सिनेमावाले घरात दिवे का लावत नाहीत कोण जाणे, भरदुपारीसुद्धा सगळे अंधारात चाचपडत बोलतात. मी शाल खांद्यावर ओढते. बँडचा आवाज लांब जातो, जवळ येतो, परत लांब जातो.

"झोपलीस होय गं वहिनी?"

शेजारच्या खुर्चीत शैला बसलीये. शैला म्हणजे माझी नणंद, गेल्या श्रावणात गेली ती. निळी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला आश्चर्य वाटत नाही. मला राग येतो.

"या वन्सं," मी म्हणते. "तुमचीच वाट बघत होते."

"वन्सं? हे कधीपासून?"

"मागच्या मंगळवारपासून."

मंगळवारी काय झालं ते तुम्हाला सांगते, म्हणजे उगाच मला कजाग म्हणायला नको. माझे यजमान, शैलाचा थोरला भाऊ, गेले त्याला आठ वर्षं झाली. ते जाऊन महिना झाला असेल नसेल, एका शुक्रवारी शैला दारात उभी. आमच्याच कॉलनीत राहायची, दोन गल्ल्या पलीकडे. म्हणाली, "चल, सिनेमाला जाऊ." तेव्हापासून सांगलीत नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी बाराच्या खेळाला आम्ही दोघी हजर. माझा नियम एकच. मध्यंतरापर्यंत आवडला नाही की उठायचं. मी म्हणायची, "काय रटाळ आहे गं!" ती म्हणायची, "अगदी!" मग आम्ही बाहेर येऊन चहा प्यायचो आणि त्या सिनेमाची यथेच्छ सालं काढायचो. दोघींची आवड कशी तंतोतंत जुळते, याचं मला केवढं कौतुक! कॉलनीतल्या बायकांना मी ठासून सांगायची, हा बघू नका, पैसे वाया जातील. सख्ख्या बहिणीशी माझं कधी पटलं नाही, पण नणंदेशी पटलं, हेही चारचौघींत सांगायची.

मंगळवारी तिच्या मुलीनं, ऋजुतानं, शैलाचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "मामी, यात आईचा आवाज आहे. मला नाही ऐकवत. तू ऐक, तुला बरं वाटेल." कॉलनीतल्या बायकांचा एक ग्रुप निघाला. चौदा जणी, मी सोडून. ग्रुपचं नाव 'मध्यंतरानंतर'. त्यात अधूनमधून, शनिवारी शनिवारी, शैलाचा आवाज. "बायांनो, कालचा सिनेमा वहिनीनं अर्ध्यावर सोडायला लावला. आज जाऊन पुढचा बघून आले. अगं, खरी मजा पुढेच आहे! तिनं काहीही सांगू दे, तुम्ही जाऊन या. आणि तिच्याजवळ बोलू नका हं, उगाच तोंड पाडून बसेल." असे अकरा सिनेमे! अकरा वेळा माझ्याबरोबर उठली, "अगदी" म्हणाली, माझ्या पैशांनी चहा प्यायली आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन बसली. एकदा कुणीतरी विचारलंय, मग जातेस कशाला तिच्याबरोबर? तर ही म्हणते, "दादा गेल्यापासून तिला कोण आहे? मी नाही गेले तर ती घराबाहेर पडायची नाही." ते वाक्य मी नऊ वेळा ऐकलं. नवव्यांदा फोन गादीवर फेकला.

"मला एकच विचारायचंय," मी शैलाला म्हणते. "माझ्याबरोबर यायचीस ती हौसेनं, की कीव करून?"

"बाप बरं काम करतोय," ती पडद्याकडे बघत म्हणते. "डोळ्यांनी करतोय. ओरडत नाही."

"शैले, मी काय विचारतेय?"

"ऐकलं गं."

पडदा आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीएवढा आहे. आम्ही ओट्याशी उभ्या आहोत, ती मेथी निवडतेय. खिडकीबाहेर तो बँडवाला आमच्याच गल्लीतून चाललाय, आणि समोरच्यांच्या गच्चीवर सुकत घातलेले कपडे ट्रम्पेटच्या आवाजानं हलतायत. कुकरच्या शिट्ट्या होतायत, पण गॅसवर कुकर नाही.

"तो वकिलाचा आठवतो?" शैला विचारते.

"नुसती बडबड होती. सगळे कोर्टात उभे राहून भाषणं ठोकत होते. सोडला ते बरं केलं."

"पुढे तो एक अक्षर बोलत नाही."

"म्हणजे?"

"मध्यंतरानंतर त्याचा घसा बसतो. शेवटची पूर्ण केस तो कागदावर लिहून लढवतो. मी इतकी रडले की शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला."

माझ्या हातात मेथीची जुडी आहे, ती मी ओट्यावर आपटते. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की त्यात राम नाही म्हणून! अगं, सगळ्या बघून आल्या होत्या आणि माझ्यासमोर माना डोलवत होत्या! हसत असाल ना माझ्यावर?"

"हसायचो," ती म्हणते. "थोडं."

मेल्यावर माणसं खरं बोलायला लागतात की काय? मला वाटलं होतं, नाही म्हणेल. शपथ घेईल. जिवंतपणी माझं मन राखायला इतकं खोटं बोललीस, आता एक बोलायला काय जात होतं? माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं आणि मला त्याचाही राग येतो.

आम्ही थेटरच्या बाहेरच्या बाकावर आहोत. शनिवार आहे, मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. शैला एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि ती मला बघत नाहीये. तिच्या हातात तिकीट आहे. आतून सिनेमाचा आवाज येतोय. ती दर दोन मिनिटांनी घड्याळ बघते, पर्समधून शेंगदाणे काढून एकेक खाते. दारावरचा माणूस म्हणतो, "मावशी, सुरू होऊन अर्धा तास झाला, जावा की आत." ती म्हणते, "मध्यंतर होऊ दे."

"सुरुवातीपासून का नाही बघत?" मी विचारते. आता ती माझ्याकडे वळते.

"पहिला अर्धा तुझ्याबरोबर बघितलेला असायचा ना."

"मग?"

"मग काय? तो झाला होता बघून."

"आणि पुढचा माझ्याबरोबर बघायला तुला काय झालं होतं? तोंड नव्हतं तुला? 'वहिनी, बस खाली, मला बघायचाय' एवढं म्हणता येत नव्हतं?"

"तू बसली असतीस?"

बाकाचा रंग ओला आहे, माझ्या तळहाताला लागलाय. मी तो शालीला पुसते. निघत नाही.

बाकाची कॉट झालीये. शैला उशांना टेकून बसलीये, नाकात नळी. दवाखान्याच्या भिंतीवर सिनेमातल्या नावांच्या पाट्या सरकतायत आणि नर्सबाई त्यांच्याखालून ट्रे घेऊन जातायत. हे खरंच झालंय, असंच झालंय. शेवटचे दोन महिने ती येऊ शकत नव्हती, तर मी एकटी शुक्रवारी सिनेमा बघायची आणि तशीच दवाखान्यात येऊन तिला सांगायची. हावभावांसकट. शेजारच्या कॉटवरची म्हातारीसुद्धा कान टवकारायची.

"मग ती पोरगी सासरहून पळते," मी सांगतेय, "आणि मी उठले बाई. फार ताणलं होतं."

"अगदी," शैला म्हणते.

मी खोलीबाहेर जाते, आणि दाराच्या फटीतून बघते. स्वप्नातच बघता येतं असं. ती उशीखालून फोन काढते, नळी बाजूला करते. एकेक शब्दाला धाप लागतेय. "बायांनो, वहिनी अर्धाच सांगते. ती पळून कुठं जाते, कुणीतरी कळवा गं मला."

हा तिचा शेवटचा निरोप होता. चौदा जणींपैकी कुणी कळवलं, कळवलं की नाही, मला माहीत नाही. पुढचं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

"मला सांगायचंस!" मी दार ढकलून आत येते. "मी परत गेले असते! त्याच दिवशी संध्याकाळी गेले असते, सगळा बघून येऊन सांगितला असता! तू मरत होतीस शैले, आणि तरी मला घाबरत होतीस?"

"घाबरत कसली?" ती म्हणते. "सवय."

"आणि कीव?"

नळीतून फुसफुस आवाज येतोय, त्याच तालात कुठेतरी बँड वाजतोय. "सुरुवातीला होती," ती म्हणते. "खोटं कशाला सांगू? दादा गेला आणि तू पडदे लावून बसली होतीस. म्हटलं, हिला उठवू. मग किती दिवस राहिली ते काही आठवत नाही. तू भांडायचीस तिकीटवाल्याशी, पॉपकॉर्नवाल्याशी, पडद्यावरच्या हिरोशी. मला घरी असं कुणाशी भांडता आलं नाही कधी. मला मजा यायची."

"मजा यायची म्हणे. माझ्या पाठीमागे जास्त यायची."

"हो," ती म्हणते. "तीही यायची."

दिवे लागतात. मध्यंतर. आम्ही चौथ्या रांगेत आहोत, तिच्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी शाल गुंडाळते. "चल, ऊठ. काय रटाळ आहे!"

ती उठत नाही.

"शैले, ऊठ म्हणते ना."

"मी नाही येत," ती म्हणते. "मला बघायचाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उभी, ती बसलेली. मला तिच्या मुस्कटात मारावीशी वाटते आणि तिच्या गळ्यात पडावंसं वाटतं, आणि दोन्हींतलं काहीच होत नाही. "मग बस एकटी!" मी म्हणते आणि पायानं चपला चाचपते. गार फरशी लागते. पुन्हा चाचपते. शैला तोंडावर पदर धरून हसतेय, खांदे गदगदा हलतायत तिचे.

मी जागी होते. खरोखरच मध्यंतर आहे. पडद्यावर सोनाराची जाहिरात चाललीये. शेजारची खुर्ची रिकामी आहे. मान आखडलीये, गाल ओले आहेत. मी उठते आणि पाय खाली सोडते, तर चपला नाहीत.

वाकून बघते. खुर्चीखाली नाहीत, पुढच्या खुर्चीखाली नाहीत. गुडघे कुरकुरतात तरी रांगेच्या टोकापर्यंत जाऊन येते. खाली कुणीतरी सरबत सांडलंय, अनवाणी जाववत नाही. तेवढ्यात दिवे जातात. आता अंधारात काय शोधणार? बसते, शिव्या देत बसते.

बँडवाल्याचा हात मोडतो. लग्नाची सुपारी घेतलेली, वरात दारात, वाजवायला कुणी नाही. मुलगी ट्रम्पेट उचलते, पण वाजवत नाही, बापाच्या तोंडाला लावते. बोटं तिची, फुंकर त्याची. दोघं तसेच चालतात वरातीपुढे. मी पाय वर घेऊन शालीत बसलेय आणि मला हुंदके आवरत नाहीत. काय छान सिनेमा! आणि असे अकरा गेले माझे.

शेवटचा दिवा लागेपर्यंत मी हलत नाही. मग झाडूवाली बाई दिसते, वरच्या रांगेतून विचारते, "आजी, या चपला तुमच्या का?" माझ्यामागे तीन रांगा, पायऱ्या चढून वर. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, खाली नाही, बसायच्या जागेवर, दोन्ही चपला शेजारी शेजारी. तोंडं पडद्याकडे.

मी वर जाते. चपला हातात घेते आणि तिथेच, त्या बाईच्या देखत, भोकाड पसरते. भवाने, हे आत्ता सुचलं होय तुला? जिवंत होतीस तेव्हा एकदा लपवायच्यास ना! मी तमाशा केला असता, आठ दिवस बोलले नसते तुझ्याशी. पण बसले असते गं.