व्हिडिओतली खिडकी

माझा पहिला व्हिडिओ मी सूड म्हणून केला. एवढी बुजरी मुलगी कॅमेऱ्यासमोर कशी आली, असं कुणी विचारलं की मी "हळूहळू जमलं" म्हणते. ते खोटं आहे. हळूहळू काही जमलं नाही. एका माणसावरचा राग वीस वर्षं सांभाळून ठेवला होता, तो एका दुपारी कामाला आला.

तो माणूस म्हणजे बाबांचे मित्र. आम्ही त्यांना काका म्हणतो. दोघं एकाच सरकारी खात्यात दिल्लीला आले, शेजारशेजारच्या क्वार्टरमध्ये राहिले. मग काकांनी नोकरी सोडून घरांची दलाली सुरू केली. गुडगावात मोहरीच्या शेतांत टॉवर उभे राहत होते आणि प्रत्येक नवी वस्तू काकांकडे आमच्या आधी यायची: गाडी, एसी, हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा. आमचा फ्लॅटही त्यांनीच मिळवून दिला. म्हणून आमच्या घरात काकांना कुणी नाही म्हणत नसे.

दर जानेवारीत दिल्लीतली काही मराठी कुटुंबं बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची. तिथे मोठ्यांची भाषणं व्हायची आणि शेवटी एका मुलाचं. मी आठ वर्षांची असताना ती पाळी माझ्यावर आली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणून आईनं सांगितलेलं भाषण मी इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं होतं. धुक्यानं कागद दमट झाला, शाई पसरली आणि तिसऱ्या वाक्यानंतर अक्षरच लागेना. मी तशीच उभी राहिले. मला कुणी बाजूला नेलं नाही, कारण काकांचा कॅमेरा चालू होता. त्यांनी जवळ येऊन आधी कागद टिपला, मग माझं वाहणारं नाक.

पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या घरी जेवणं झाली की ती टेप लागायची. "चलो, आता आमच्या वक्त्याबाई!" मोठ्या टीव्हीवर माझं नाक ताटाएवढं दिसे. सगळे हसत. बाबाही हसत, तेही मी विसरलेले नाही. मी हसणाऱ्यांकडे बघत बसायचे. कोण मनापासून हसतंय, कोण काकांकडे बघून हसतंय, हे मला ओळखू यायला लागलं. दुसरं काही शिकले नाही. पुढे नोकरीतही बोलायची वेळ आली की माझी स्लाइड मी शेजारच्याला वाचायला द्यायचे.

काकांनी नंतर दिल्लीत, स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या वस्तीत, एक चार मजली इमारत घेतली. प्लायवूडच्या भिंती घालून तिच्या खोल्या पाडल्या आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलींना भाड्यानं द्यायला लागले. "परक्या शहरात आपल्या माणसाचा आधार लागतो, बेटा." मुली गावाकडूनच खोली ठरवतात, म्हणून काकांना एक व्हिडिओ हवा होता.

"तुझा फोन चांगला आहे. फक्त मागे राहा हं. समोर आलीस तर परत काला अंब व्हायचं!"

बाबा हसले. मी गेले.

चौथ्या मजल्यावरच्या समोरच्या खोलीत मोठी खिडकी होती, खाली कडुनिंब. टेबलावर ऊन येईपर्यंत मी थांबले. वाऱ्यानं पडदा हलला तेव्हा बटण दाबलं. व्हिडिओ सुरेख झाला, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन महिन्यांनी काकांनी नव्या गाद्यांचे फोटो काढायला पुन्हा बोलावलं. स्वतः खाली फोनवर बोलत उभे राहिले. मागच्या एका खोलीत लातूरकडची एक मुलगी पलंगावर पुस्तकं मांडून बसली होती. दुपारचे बारा वाजले होते आणि दिवा चालू होता. तीन भिंती प्लायवूडच्या. चौथीत अगदी वर एक झडप, तीही जिन्यात उघडणारी.

"ताई, तो व्हिडिओ तुम्हीच केला ना? काका म्हणाले, पुतणीनं केलाय."

"हो."

"मग त्यातली खिडकी कुठंय हो?"

मी समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिला कुलूप होतं.

"ती नुसती दाखवायची आहे," ती म्हणाली. "या मजल्यावरच्या आम्हा आठही जणींना तीच दाखवली. देताना मागची देतात."

"घरी सांगितलंस?"

"काय सांगू? वडलांनी तो व्हिडिओ गावभर दाखवलाय. पोरीच्या खोलीत ऊन येतं म्हणून."

तिची दया मला नंतर आली. आधी आला तो आनंद. काका माझ्या हातात सापडले होते, आणि त्यांनीच मला कॅमेरा घेऊन आत बोलावलं होतं.

"मी इथे एक व्हिडिओ केला तर? तुझं काही दिसणार नाही."

"आठही खोल्या सारख्याच आहेत, माझी कुठली ते कळायचं नाही. पण मग दिसणार कोण?"

"मी," म्हणाले.

पुढच्या रविवारी काका नसताना मी गेले. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला. 'नमस्कार'च्या पुढे जाईना.

"लिहून घ्या की, ताई."

"कागद नको."

तिनं पाणी दिलं. मी फोनकडे बघितलं आणि तिथे काका जेवून, सोफ्यावर रेलून बसले आहेत असं समजून बोलायला लागले. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "तुम्हाला समोरची खोली दाखवली ती मीच. मिळते ती ही. खोली ठरवताना गल्लीपासून पलंगापर्यंत कुठेही न तोडलेला व्हिडिओ मागा. आणि दुपारी बारा वाजता दिवा बंद करायला सांगा." मग मी दिवा बंद केला. स्क्रीन काळी झाली. शेवटची दोन वाक्यं त्या काळोखात बोलले, ती सगळ्यात सोपी गेली.

मी कुणाचं नाव घेतलं नाही. माझा जुना व्हिडिओ सुरुवातीला जोडला, तेवढं पुरे होतं. विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवरून तो तीन दिवसांत काकांपर्यंत पोचला.

"वहिनी, चहा नको." ते चपला न काढताच आत आले. "तुमच्या मुलीनं माझी इज्जत रस्त्यावर आणली. बेटा, काढून टाक तो."

"काकांचं ऐक," बाबा म्हणाले.

काकांना वाटलं, मी नेहमीसारखीच ऐकणार. त्यांचा आवाज गोड झाला. "त्या मुलीला समोरची खोली देतो, बिल्कुल देतो. कोण ती, तेवढं सांग."

"आठ जणी आहेत," मी म्हणाले. "कुलूप काढा. ती खोली सगळ्यांना अभ्यासाला द्या. मग बघू."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. काका हो म्हणाले.

रविवारी लातूरच्या मुलीनं फोटो पाठवला. खिडकीपाशी आठ खुर्च्या, एक मोडकी. तासाभरात काकांचा फोन.

"झालं तुझ्या मनासारखं? आता काढ."

"मी बघू म्हणाले होते, काका. बघितला. चांगला झालाय. राहू दे."

"शब्द फिरवतेस? तू?"

"मी शब्द कुठे दिला होता? तुमच्या खोलीसारखा पडदा तेवढा हलवून दाखवला."

त्यांनी फोन आपटला. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "झालं ना समाधान? आता बास." झालं नव्हतं.

मग दुसऱ्या एका इमारतीतल्या मुलीचा निरोप आला. ताई, आमच्याकडे पण याल का? मी आधी घरमालक कोण, ते विचारलं. आमच्या ओळखीतला, राग काढावा असा कुणीच नव्हता. मला चक्क वाईट वाटलं. मग पर्समध्ये मेट्रोचं कार्ड आहे ना ते बघितलं आणि तिला लिहिलं, शनिवारी येते, बारा वाजता.