जावयाने काढून घेतलेला कॅमेरा

चहा घ्या, तोवर माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट सांगतो. सावकाश सांगीन, मला घाईने बोलता येत नाही.

माझा मोबाइल जुना होऊन फार मंद झाला होता. आमचे जावई, नरेशराव, तलासरीकडे वेवजीला राहतात. ते म्हणाले, "मामा, फेकू नका. कंपनीचं सॉफ्टवेअर काढतो, दुसरं टाकतो. नव्यासारखा पळेल."

आठ दिवसांनी त्यांनी फोन आमच्या गावी, चिखल्याला आणून दिला. खरंच पळायला लागला होता. फक्त कॅमेरा उघडला की काळोख.

"कॅमेरा आहे, मामा. पण तो चालवायला ड्रायव्हर लागतो, म्हणजे त्याचं वेगळं सॉफ्टवेअर. ते कंपनी कुणाला देत नाही. शोधतोय मी."

आता तुम्हीच सांगा. मी चिकूची वाडी विकली आणि विहिरीवरच्या मोटारीची किल्ली माझ्याच खिशात ठेवली, तर घेणारा मला सोडील का? फोन माझा, कॅमेरा त्याच्या पोटात, आणि चालवायची युक्ती कंपनीकडे?

माझ्या मनात पाल चुकचुकली. यांनी कॅमेरा काढून घेतला असणार.

पण विचारायचं कसं? दारात आलेल्या जावयाला आपण आधी पाय धुवायला पाणी देतो. त्याला चोर कसं म्हणायचं? आणि माझी मुलगी त्यांच्या घरात. आज कॅमेरा काढला, उद्या तिच्या गळ्यातलं काढतील. मला जेवण जाईना.

बायको म्हणाली, "तुम्हाला चिकूच्या पाटीतसुद्धा चोर दिसतो. गप जेवा."

मी गप जेवलो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप डहाणूला गेलो. तिथे जिग्नेश नावाच्या गुजराती पोराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"उघड, आणि कॅमेरा आहे का बघ."

"पाण्यात पडला काय, काका?"

"नाही. चोरीला गेलाय."

"फोन तर तुमच्या हातात छे."

"तू उघड रे."

त्याने स्क्रू काढले. कॅमेरा जागेवरच होता. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग वाटलं, हा जिग्नेशही त्यांना सामील नसेल ना?

तो म्हणाला, "काका, याच्यात दुसरं सॉफ्टवेअर टाकलंय. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नाय. हे मला नाय जमत. वेवजीला एक माणूस आहे, त्याला विचारतो."

मी हात वर करेपर्यंत त्याने फोन लावलाही, आणि स्पीकरवर टाकला. त्याने मॉडेल सांगितलं. पलीकडून आवाज आला तो नरेशरावांचा.

"त्या फोनच्या नादी लागू नको. माझ्या सासऱ्यांचा तोच आहे. किती दिवस ड्रायव्हर शोधतोय. दुसऱ्या मॉडेलचा टाकला तर फोनच बंद पडतो. रविवारी माझा फोन त्यांना देतो, त्यांचा मी वापरीन."

"सासरे बोलले काय?"

"छे. एका शब्दाने नाही. दुसरा असता तर म्हणाला असता, कॅमेरा खाल्ला. आमच्या मामांचा माझ्यावर फार विश्वास."

जिग्नेश माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी दोन्ही हातांनी त्याला नको-नको करत होतो.

रविवारी नरेशराव आले. स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला, माझा उचलून उलटा केला.

"मामा, हे स्क्रू कुणी फिरवले?"

मला खोटं बोलायची सवय नाही. जे सुचलं ते बोललो, "उंदीर असेल."

त्यांनी शांतपणे फोन खिशात घातला.

"असेल, मामा. चष्मा पुसून दोनदा बघत होता, जिग्नेश सांगत होता."