भोपळ्याचं वजन

हंबीरराव शिर्के तीस वर्षं बडोद्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर वजनकाटा सांभाळत होते. पणजोबा गायकवाडी फौजेत, पणतू काट्यावर. "तलवार गेली नि तराजू आला आमच्याकडे," असं त्यांची बायको कुसुमावती पाहुण्यांपुढे सांगायची नि स्वतःच हसायची.

फाटकावरचा त्यांचा नेम पक्का. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा करून परत तोलायचा, मग वजाबाकी. ड्रायव्हर गळ घालायचे, "साहेब, रिकाम्याचं कालचंच धरा ने!"

"कालचा ट्रक काल गेला. चढव काट्यावर."

दिवाळीनंतर कुसुमावती गेली. मागे राहिला तिचा बुलडॉग, भोपळ्या. नाक चपटं, मान नाहीच, घोरणं असं की गोत्री भागातल्या त्यांच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर ऐकू जावं. एप्रिल लागला तसा चार पावलांत धापा टाकायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सव्वीस किलो झालाय. ह्या नाकाला बडोद्याचा उन्हाळा सोसत नाही. चालवू नका, गाडीत बसवून फिरवा. आणि चार किलो उतरवा, काका. नाहीतर पुढचा उन्हाळा काही तो बघत नाही."

दीड महिना हंबीररावांनी वाटी मोजून कोरडं खाणं घातलं. मग रिक्षा करून त्याला वासणा रोडच्या कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले.

"बाबागाडी दाखवा," एवढं म्हणताना ते कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या घरात बाबागाडी कधी आली नव्हती. "ह्याच्यासाठी."

कोमल नावाची मुलगी होती दुकानात. बोलायला मराठीच, पण मधूनच गुजरातीत घसरणारी. "ही हलकी, जाळीची, बावीस किलोपर्यंत. ती मोठ्या चाकांची, पस्तीसपर्यंत, पण जड बहू. ह्याचं वजन केटलं?"

दुकानात गोण्या तोलायचा काटा होता. भोपळ्या एकटा उभा राहीना, म्हणून हंबीरराव त्याला छातीशी धरून चढले. आकडा आला चौऱ्याण्णव.

"माझे चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "म्हणजे हा वीस! सहा किलो उतरला गं! ऐकलंस का, भोपळ्या?" त्यांनी त्याच्या चपट्या नाकावर नाक घासलं. किती महिन्यांनी त्यांचा आवाज असा मोठा झाला होता. "हलकीच दे."

कोमलनं भोपळ्याला हलक्या गाडीत ठेवलं. गाडी करकरली, बूड खाली आलं, पुढची चाकं फाकली.

"काका, आ वीस नथी हं. तुम्ही एकटे चढा जरा."

हंबीरराव जागीच थबकले. रिकाम्याचं वजन कालचं धरलं होतं. कालचंही नव्हे, दिवाळीआधीचं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

ते चढले. सहासष्ट.

वजाबाकी करायला त्यांना वेळ लागला नाही. भोपळ्या अठ्ठावीस. उतरले होते ते.

"काका, जेवता ने बराबर?"

"जेवतो की," ते म्हणाले. नि पस्तीसवाली गाडी घेतली.

गोत्रीपर्यंत ते गाडी ढकलत चालत आले, सावली बघून थांबत. येणारेजाणारे हसत होते, भोपळ्या घोरत होता. हंबीररावांच्या डोळ्यांपुढे ताट येत होतं. पहिला घास भोपळ्याचा, हा कुसुमावतीचा रिवाज. ती गेल्यावरही त्यांनी तो मोडला नव्हता. कणीक अजून दोघांचीच भिजायची. पहिला घास द्यायचा. दुसरा तोंडाशी नेला की समोरचा रिकामा पाट दिसायचा, आणि तोही भोपळ्यालाच जायचा. मग तिसरा. वाटीतलं मोजलं होतं, ताटातलं कुणी मोजलंच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी एकट्यापुरती कणीक भिजवली. मूठभर पिठाकडे बघवेना. ताट घेऊन बसले तसा भोपळ्या आला आणि नेहमीसारखी हनुवटी त्यांच्या पावलावर टेकून वर बघायला लागला.

"नाही रे राजा," ते म्हणाले. "आता नाही."

पहिला घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला. चावत राहिले, खूप वेळ. मग पाण्याबरोबर उतरवला, आणि दुसरा मोडला.