करडईच्या घाण्यात तांब्याभर पाणी

रस्सा जरा निवला की तेलाचा तवंग वर येतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे कळायला शाळेत जावे लागत नाही. मग लाकडी घाण्यावर बिया पिळताना त्यांच्यावर पाण्याचे हबके का मारतात? तुम्ही कधी घाण्यापाशी उभे राहिला असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि दिरांना पटवणे यांत किती अंतर आहे, ते मात्र कन्नडला जाऊन आल्यावरच समजले.

माझे दीर, अशोकभाऊजी, पैठण तालुक्यात शेती करतात. गावाजवळचा घाणा बंद पडल्यापासून त्यांच्या भावकीतली दहा-बारा घरे स्वतःची करडई विकून दुकानातले तेल आणत होती. कन्नडला सुमनबाई नावाच्या एका बाईंनी सासऱ्यांचा लाकडी घाणा मोटर बसवून पुन्हा सुरू केल्याचे मला समजले. भाऊजींनी आधी एक पोते पिळून पाहायचे आणि मन भरले तर सगळ्यांची करडई तिथे पाठवायची, असे ठरले. फोनवर सुमनबाई म्हणाल्या होत्या, "एवढी घरं आली ना मॅडम, तर माझा घाणा वर्सभर फिरल. नाय तर दिवाळीपर्यंत बंदच."

चैत्रातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही आमच्या शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडची एसटी धरली. बायकांना अर्धे तिकीट आहे. पोत्याला मात्र पूर्ण आकार पडतो, आणि त्यावरून भाऊजींनी वाहकाशी दौलताबादपर्यंत वाद घातला. दौलताबादला रस्ता ज्या जुन्या, अरुंद दरवाजातून जातो, तिथे समोरून मालमोटार आली आणि अर्धा तास कोणीच मागे सरेना. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा.

खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला निघालेली माणसे हातात तेलाच्या लहान बाटल्या घेऊन उतरली. मला राहवले नाही. तेल म्हणजे मुळात तिळाचे ते तैल. पुढे करडई, जवस, शेंगदाणा अशा सगळ्यांनी तिळाचे नाव घेतले आणि जमिनीतून उपसलेल्या खनिजालाही तेच चिकटले. देवाच्या अंगावर, बाळाच्या टाळूवर, दाराच्या बिजागरीत आणि लोणच्याच्या बरणीत एकाच शब्दाने किती कामे केली आहेत, हे मी सांगत होते.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "भजी खायाची का?"

वेरूळला बस थांबली तेव्हा खाल्ली. ती चांगली होती, पण कढईतले तेल किती वेळा तापले असावे, हे विचारू नका.

कन्नडच्या स्थानकापासून रिक्षाने दहा मिनिटांवर पत्र्याच्या शेडमध्ये तो घाणा आहे. चिंचेच्या लाकडाची उखळी, तिच्यात तिरका फिरणारा जाड दांडा, खाली तेलाची धार पडायला पन्हळ. सुमनबाईंनी करडई ओतली, मोटर सुरू केली आणि थोड्या वेळाने तांब्यातून पाण्याचा पहिला हबका मारला.

भाऊजी ओरडले, "ओ बाई! डोळ्यादेखत पाणी टाकता व्हय?"

"पाण्याबिगर तेल सुटत नाय, दादा."

"पन्नास वर्सं तेल खातोय मी."

"खाल्लंय. काढलंय का कधी?"

मी पिशवीतून कागद काढला. बीमध्ये तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात, त्यांना गराने धरून ठेवलेले असते. गराला पाण्याची ओढ तेलापेक्षा जास्त असते. थोडे पाणी मिळाले की तो ते धरतो आणि तेल सोडतो. शिवाय ओलसर चुरा एकत्र बांधला जातो, त्यामुळे दांड्याचा दाब त्यावर नीट बसतो. मी आकृतीत बाणही दाखवले. भाऊजी कागदाकडे न बघता तांब्याकडे बघत राहिले.

"तुमची शाळा सुटली आता, वहिनी."

इतका सरळ मुद्दा इतक्या सरळ माणसाच्या डोक्यात का शिरू नये, याचा मला संताप आला. सुमनबाईंना आला नाही, किंवा त्यांनी तो दाखवला नाही. "बोलून काय व्हणार? दुसरी खेप कोरडीच फिरवते. करडई तुमचीच जाईल, बघा."

पहिली खेप काढून ठेवून त्यांनी कोरडा घाणा फिरवला. चुरा उखळीच्या कडेने वर चढून सांडू लागला, लाकूड किंचाळायला लागले, करपट वास सुटला. पन्हळ कोरडीच. मग त्यांनी थोडे थोडे पाणी शिंपडले. चुऱ्याचा गोळा झाला, तो चकाकू लागला आणि काही मिनिटांत गडद सोनेरी धार पडली.

भाऊजींनी धारेखाली बोट धरून तेल चोळून पाहिले. मग म्हणाले, "ते पाणी गेलं कुठं?"

प्रश्न चांगला होता, हे मला मान्य करावे लागले. सुमनबाईंनी त्यांच्या हातावर पेंडीचा तुकडा ठेवला. तो गरम आणि दमट होता. "हितं."

"समदं?"

"थोडं गाळात राहतं. तेल तीन दिवस हलवू नका, खाली बसतं."

"बरं. गावात मी पाहिलं तेच सांगणार. बाईनं तांब्याभर पाणी टाकलं."

यात एक अक्षर खोटे नव्हते आणि घाणा बंद पाडायला तेवढे वाक्य पुरेसे होते. सुमनबाई डब्याचे झाकण लावता लावता थांबल्या. "सांगा, दादा. पण तीन दिवसांनी सांगा."

परतीच्या बसमध्ये तेलाचा डबा मी स्वतःच्या पायांशी ठेवला. दवाखान्याच्या कामासाठी ते आमच्याकडेच राहिले होते आणि पाणी दिसते का ते बघायला दर दोन तासांनी डबा हलवत होते. दुसऱ्या दिवशी मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावले आणि तीन दिवस नव्याने मोजायला घेतले.

मुदत संपली तेव्हा भाऊजींनी स्वतःच वरचे चमचाभर तेल पळीत घेऊन मंद आचेवर धरले. तेल तापले, पातळ झाले, वास सुटला. आवाज नाही. मग त्यांनी दुसऱ्या पळीत तळचा गढूळ गाळ घेऊन तापवला. तो तडतडला.

"हे बघा पाणी!" ते जिंकल्यासारखे म्हणाले.

"हो. आणि ते कुठे राहणार, हे त्या बाईंनी तुम्हाला आधीच सांगितले होते."

त्यांनी गॅस बंद केला, दोन्ही पळ्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि फोन लावला. "सुमनताई, अशोक बोलतोय. पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येतो, भावकीतली समदी करडई हाय. पाणी मात्र माझ्यासमोर शिंपडायचं."

पलीकडचे ऐकून ते थोडे ओशाळले. काय ऐकले ते त्यांनी मला सांगितले नाही.

त्या प्रवासातून माझ्याकडे पाच लिटर तेल उरले, आणि माझ्या आकृतीपेक्षा कोरड्या घाण्याचा आवाज जास्त शिकवतो, ही थोडी अवघड वाटणारी जाणीवही. तेव्हा समजावणे पुरे, आता तुम्हीच करून बघा. डबा न हलवता वरचे चमचाभर तेल पळीत घ्या, मंद आचेवर धरा, चेहरा दूर ठेवा आणि ऐका. धूर निघण्याआधी गॅस बंद करा. यातून भेसळ ओळखता येत नाही, फक्त पाणी आहे की नाही तेवढे कळते. तेल गप्प राहिले तर त्यात पाणी नाही. तडतडले तर आहे, पण घाणेवाल्याला फोन करण्यापूर्वी एकदा आठवून बघा, तुमची पळी कोरडी होती का.