विजेची रिकामी जागा

रुग्णालयाच्या धुलाईघरात वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, झटकायची, मग एकीनं चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. या दोघी जावा हे काम वर्षानुवर्षं करत होत्या. थोरली रुग्णालयाच्या हॉकी संघाची सेंटर फॉरवर्ड, धाकटी कप्तान. थोरलीला सगळे वीज म्हणत. हल्ली ती गुडघा धरून मागे राहिली की बघणाऱ्यांतून कुणीतरी म्हणे, "वीज गेली," आणि सगळ्यांत आधी तीच हसे.

त्या दिवशी धाकटीच्या हातून चादर दोनदा सुटली.

"काय ते बोलून टाक," वीज म्हणाली. "चादरीला कशाला शिक्षा?"

"रविवारच्या सराव-सामन्यात तुम्ही बाहेर बसा, ताई. प्रयोगशाळेतल्या त्या पोरीला, चिमणीला, तुमच्या जागी खेळवून बघते. या हंगामात तुम्हाला घ्यायचं की नाही, ते त्यावरून ठरवू."

वीज चालत आली, टोकं धाकटीच्या हातात दिली. "आमटी खारट झाली तरी सांगायला चार दिवस लावतेस. हे बरं पटकन सांगितलंस."

घरी विजेचा नवरा म्हणाला, "खेळलीस तेवढं पुष्कळ झालं. तुझ्या गुडघ्याला तेल चोळून माझे हात झिजले."

"मग हातांना निवृत्त करा," वीज म्हणाली. पण जेवताना तिनं दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही, ते धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही.

रविवारी टपाल कार्यालयाच्या संघाशी गाठ होती. वीज बाकावर बसली. चिमणी भुर्रकन धावायची, पण चेंडू तिच्याकडे येतच नव्हता. उजवीकडून खेळणारी परिचारिका मान वर न करता चेंडू डाव्या कोपऱ्याकडे मारायची. तिथं कुणीच नसायचं. मधली जागा सोडून वीज इतकी वर्षं तिथंच सरकून उभी असे. चेंडू घरंगळत रेषेबाहेर जायचा. मग खुद्द कप्तानानंही तिथंच मारला आणि कपाळाला हात लावला.

"बघा, तुमच्याशिवाय पान हलत नाही," शेजारी बसलेली राखीव गोलकीपर म्हणाली.

विजेला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण चिमणी पुन्हा जीव तोडून धावली आणि चेंडूवाचून परतली, तेव्हा ते बरं वाटणं तिथंच ओसरलं.

"हे कौतुक नाही गं," ती म्हणाली. "ही खोड मीच लावलीय."

मध्यंतरात ती जावेकडे गेली. "मला मागच्या फळीत उभी कर."

"ताई, तुम्ही जन्मात कधी चेंडू अडवलाय?"

"नाही. पण मागून सगळ्या दिसतात. कुणाला द्यायचा ते ओरडून सांगेन. पुढे राहिले तर या माझ्याकडेच मारणार."

"गोल झाला की सगळ्या मागच्यांनाच धरतात हं."

"थोरली सून आहे मी. काहीही बिघडलं की मलाच धरतात. सवय आहे."

धाकटीला हसू आवरलं नाही. तिनं विजेला मैदानात घेतलं.

पहिला चेंडू विजेच्या पायांमधून गेला आणि गोल झाला. बघणाऱ्यांतला तो नेहमीचा आवाज आला. वीज या वेळी हसली नाही. चेंडू परिचारिकेकडे जाताच ती ओरडली, "मान वर. चिमणी मधे आहे." परिचारिकेनं मान वर केली. चिमणीचा पहिला फटका खांबाला लागून परत आला. दुसरा आत गेला.

सामना हरल्या त्या हरल्याच. सोमवारी धुलाईघरात चादर झटकताना धाकटी म्हणाली, "संघ ठरला. चिमणी पुढे, तुम्ही मागे. पण अडवणं तुम्हाला मुळीच येत नाही. आजपासून ड्यूटी सुटली की मैदानावर थांबायचं, मी शिकवणार."

"शिकव की."

"स्टिक जमिनीला टेकवून ठेवायची. आणि गुडघे वाकवायचे."

"वाकतील तेवढे वाकवीन," वीज म्हणाली आणि पुढची चादर उचलली.