वन्संच्या वालाचं बी

वन्संच्या परसात बाग करायची ठरली तेव्हा मी वहीत सतरा कामं लिहिली. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पेणजवळच्या गावातल्या घरात त्या एकट्या राहायच्या आणि होळीनंतर आठवडाभराच्या तापात गेल्या. आम्ही रोह्याला राहतो, नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. गावचं घर बंद राहिलं तर वाळवी खाईल, म्हणून दर रविवारी जायचं ठरलं. शेतीतलं मला काही येत नव्हतं. पण कुठलंही काम तुकडे करून लिहून काढलं की येतं, हा माझा आजवरचा अनुभव.

पहिलं काम घर मोकळं करण्याचं. चुलीमागे घट्ट झाकणांचे तीन पत्र्याचे डबे होते. उघडून पाहिलं तर राख. वन्संना काहीच टाकवत नसे. भांडी घासायला साठवली असेल, असं मला वाटलं. परसाच्या कोपऱ्यातल्या उकिरड्यावर, धुरळा नको म्हणून तोंड फिरवून, तिन्ही डबे उपडे केले, धुतले, उन्हात घातले आणि वहीत खूण केली.

जूनच्या शेवटी उकिरड्याभोवती दाट रोपं वर आली. जाड देठ, रुंद पानं, शेकड्यांनी. शेजारीच मी मिरची-वांग्यांचे वाफे आखले होते. तण म्हणून दोन्ही हातांनी सगळी उपटून टाकली. माती ओली होती, मुळं सहज सुटत होती. शेवटची मूठ उपटताना मागच्या दारातून ‘च्च’ असा आवाज आला. वन्संची ती सवय. माझं काही चुकलं तर त्या बोलायच्या नाहीत, नुसती जीभ टाळूला लावून आवाज करायच्या. मी वळून पाहिलं. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. नवरा पुढच्या ओट्यावर झोपला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “पाल असेल.”

भातकापणी उरकल्यावर एका रविवारी शेजारची काकी कुंपणाशी आली. सत्तरीची, वन्संच्या बरोबरीची. मुलगा रविवारीही डोलवीला कामावर, दिवसभर घरात ती एकटीच.

“मिरची काय बोलते गो तुझी?”

“कुजली.”

“पावसाचा वाफा खड्ड्यात केलास, कुजंल नायतर काय! पुस्तकात बघून केलास ना?”

“मोबाइलवर.”

“तेच ते.” ती हसली. “आता वाल टाक. ओल हाय तवर टाकायचा, मागाहून पानी नको नि काय नको. दवावर होतो. तुझ्यासारख्या रविवारच्या शेतकरणीला बरा. बायचं बी काढ, नि मला पन दे. माझ्याला भुंगा लागला गेल्या साली. दोनी घरांचं बी तिच्याकडंच हाय.”

वन्संना ती बाय म्हणायची.

“कुठलं बी?” मी विचारलं.

“राखंतलं! चुलीमागं डबं नाय का?”

किडीपासून जपायला बी राखेत पुरून ठेवतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. उकिरड्याभोवतीची ती रुंद पानं डोळ्यांपुढे आली. तोंडातून मात्र निघालं, “बघते. सापडलं की देते.”

पुढच्या रविवारी येताना मी पेणच्या बाजारातून वाल आणला. वन्संची चूल पेटवून नारळाची सोडणं जाळली, राख चाळली, तेच तीन डबे घेतले आणि त्यांत बाजारचा वाल राखेत नीट थर लावून भरला. वहीत फक्त ‘बी’ असं लिहिलं.

दुपारी काकीने डब्यात मनगटापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढले, फुंकर मारली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“बायचं?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. दोन्ही परसांत तिनेच पेरून दिलं.

वाल जोमाने आला. इतका चांगला की मला तिकडे बघवेना. वाफ्यात वाकलं की मागच्या दारातून तो आवाज यायचा. मी भिंती झाडल्या, कौलांखाली काठी फिरवली. पाल कुठेच नव्हती. मग मी त्या दाराकडे पाठ करून बसायचंच सोडलं.

माघात शेंगा भरल्या. काकी माझ्या परसात शेंगा तोडायला मदतीला आली होती. ऊन कोवळं होतं, ती कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणाची गंमत सांगत होती. मला ते असह्य झालं.

“काकी, हे बी वन्संचं नव्हतं.”

“म्हाईत हाय. बायचा दाना बारीक, तांबूस. ह्यो बाजारचा गोरा. मुठीत घेतला तवाच समाजला.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, नवीन हाय. बायचं बी पयल्याच साली वाया जाईल म्हनून ठेवलं असंल जपून. शानी हाय.” ती तोडतच होती. “पुढल्या साली टाकू. कुठं ठेवलंस?”

तेव्हा मी सगळं सांगितलं. राख, उकिरडा, जूनमधली रोपं. तिचे हात थांबले.

“सगली?”

“सगळी.”

“बायच्या आयेनं म्हायेरून आनलेलं गो ते.”

टोपली तिथेच ठेवून ती गेली.

पुढचे तीन रविवार तिचं मागचं दार बंद होतं. तिच्या परसातल्या शेंगा झाडावरच वाळून तडकायला लागल्या. तिसऱ्या रविवारी दुपारी मी त्या काढल्या, टोपली भरून तिच्या दाराशी गेले आणि हाक मारली.

आतून काकीचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

“आली हाय गो,” ती हळू म्हणत होती. “व्हय, तीच. काय सांगू तिला?”

मुलगा कामावर होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. एखाद्याला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ गेला. टोपली माझ्या हातांना जड झाली, तरी खाली ठेवायचा धीर झाला नाही.

मग आतून कडी निघाली.