पुढचं पाणी दिसेपर्यंत

चढताना बोलायचं नाही, असं गाइडनं निघतानाच बजावलं होतं. वर हवा विरळ असते, बोलण्यात दम वाया जातो. आमच्या घराण्याला ही अट जाचक होती. गावातली पॉपलरची झाडं आणि सातूची शेतं मागं पडायच्या आत आत्यानं ती मोडली.

"क्या रे बाबा, तेरे गाव में सबके घर में नल है क्या?"

"है, आमा-ले. सर्दी में जम जाता है."

"जमने दे. आता तो है ना."

गाइड हसला. चंदीगडला कॉलेजात शिकणारा आणि सुट्टीत पाहुण्यांना डोंगरावर नेणारा लडाखी मुलगा होता तो. आमा-ले ही त्यांच्याकडची आईला मारायची आदराची हाक. आम्ही सोलापूरच्या म्हटल्यावर त्याला एकदम चादर आठवली. आमच्याकडंही चादर असते म्हणाला, हिवाळ्यात नदी गोठते तिला आम्ही चादर म्हणतो. आत्या म्हणाली, "हमारी वाली ओढने की रहती. तुम्हारी पे चलना पडता. हमारी अच्छी."

साठी ओलांडलेली माझी आत्या त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून चालत होती. गुडघ्याला पट्टा, डोक्याला माझा मफलर, पाठीवर स्वतःची सॅक. सॅक घोड्यावर टाकू, असं गाइडनं सुचवलं तेव्हा आम्ही दोघींनी एकाच आवाजात नाही म्हटलं. आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं नाही, मग तो घोडा का असेना, हे आमच्याकडं शिकवावं लागत नाही.

मी आत्याकडंच वाढले. आईवडील मोडनिंबला शेतात, आणि शाळेसाठी मी सोलापुरात. आत्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिथून आली की तिचं दुसरं काम सुरू व्हायचं, पत्रकं काढायचं. पाण्याची पत्रकं, रेशनची, बायकांच्या मजुरीची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. या पोरीला अननसाच्या आधी अन्यायाचा अ कळला, असं ती अजून कौतुकानं सांगते, आणि ते खरं आहे. अननस मी पुष्कळ उशिरा पाहिलं.

तिच्या पॅकिंग विभागात भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यातल्या एका पानावर लडाखचा उघडा, तपकिरी डोंगर होता. महिना उलटला तरी आत्यानं ते पान कुणाला उलटू दिलं नाही. घरी येऊन म्हणाली, "त्यात येगळं काय हाय गं? आपल्या माळावानीच की. झाड न्हाय, झुडूप न्हाय. पण त्याचा फोटू काढत्यात आन आपल्याला दुष्काळी म्हणत्यात."

हे वाक्य मला तेव्हा डसलं ते डसलंच. जिथं लोक बघायला जातात ते ओसाड सुंदर ठरतं आणि जिथं लोक राहतात ते ओसाड मागास ठरतं. हे कोण ठरवतं? आमच्या माळावर कुसळ उगवतं, होला बोलतो, संध्याकाळी दगड तांबडे होतात. त्याला कुणी तिकीट लावलं नाही म्हणून ते कमी झालं का? मी हा वाद कॉलेजात घातला आहे, लग्नाच्या पंगतीत घातला आहे. आत्यानं वाद घातला नाही. तिनं ठरवलं, की नोकरी संपली की असल्या एका डोंगराच्या माथ्यावर जाऊन उभं राहायचं आणि एवढ्या उंचावरून ओसाड कसं दिसतं ते बघायचं. बाकी तिनं स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरून सांगितलं, जायचं तर यंदाच जा. पुढच्या वर्षी हा गुडघा जिना चढला तरी पुष्कळ.

म्हणून आम्ही आलो होतो. हवा अंगवळणी पडावी म्हणून लेहमध्ये आठवडाभर बसून काढला होता, रोज थोडं जास्त चालून पाहिलं होतं. माथ्याला जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं. दुपारनंतर वरती वारा माजतो, त्याच्या आत माथा सोडायचा, एवढीच गाइडची अट होती.

शेतं संपली आणि मुरूम लागला. वर एक पाऊल टाकावं तर अर्धं खाली घसरत यायचं. ऊन आमच्या एप्रिलसारखं टोचत होतं आणि सावलीत हात घातला की बोटं आखडत होती. घाम येतोय हे कळतच नव्हतं, वारा तो येता येताच पिऊन टाकत होता. ओठ फुटले. वाटेत एक ओढा नकाशात होता, पण जागेवर नुसते गोल धोंडे होते.

"पानी पियो, आमा-ले," गाइड दर थांब्याला म्हणायचा.

"पीती की. पीती मैं," आत्या म्हणायची, आणि बाटली तोंडाला लावायची. तिचा वेग बरा होता. मीच मागं पडत होते. "कॉलेजात लई घोषणा दिल्यास," ती वरून म्हणायची, "आता त्यातला थोडा दम हिकडं काढ."

माथ्याच्या खालच्या खांद्यावर पोचेपर्यंत तिचे टोमणे बंद झाले होते. मला आधी बरं वाटलं, गाइडचं ऐकतेय म्हणून. मग लक्षात आलं की ती त्याच्या प्रश्नाला मानेनं उत्तर देतेय. मी विचारलं, डोकं दुखतंय का. "चष्म्याचा नंबर वाढलाय," ती म्हणाली. ती दगडावर बसली ती नीट बसली नाही, कलंडल्यासारखी टेकली.

काही खायला द्यावं म्हणून मी तिच्या सॅकला हात घातला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिच्याकडं होती. सॅक उचलली आणि मी थबकले. पहाटे होती तेवढीच जड होती. आत दोन्ही मोठ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. हातातली छोटी बाटलीही अर्ध्याच्या वरच होती. सकाळपासून ती नुसते ओठ ओले करत आली होती.

"आत्या, हे काय?"

"असू दे. लागंल की."

"कधी लागेल?"

"पुढं पाणी कुटं दिसतंय का तुला?"

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आत्याचा नियम साधा आहे, पुढचं पाणी डोळ्यानं दिसल्याशिवाय हातातलं संपवायचं नाही. मी त्याच नियमात वाढलेय. पेल्यात उरलेला घोट मोरीत ओतला म्हणून मी जेवणाशिवाय बसलेय. ज्या बाईनं पाण्यासाठी रिकामी घागर घेऊन मोर्चे काढले तिला, भरलेली बाटली पिऊन टाक, हे सांगायला आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. गाइड पाणी पी म्हणत होता. तिच्या हिशोबानं ती पीतच होती.

मी तिला सावकाश पाणी पाजलं. तिनं ते पाप केल्यासारखं प्यायलं, आणि थोड्या वेळानं सगळं दगडाआड उलटून पडलं. गाइडनं तिच्या बोटांची नखं पाहिली, तिला सरळ रेषेत चालायला लावलं. ती चालली, पण हात पसरून, बांधावरून चालल्यासारखी. तो मला म्हणाला, उंची बाधलीय, आता खाली.

माथा समोर होता. त्याच्यावर बांधलेल्या पताकांचे रंग ओळखू येत होते. मला वाटलं, हात लांब केला तर लागेल.

"व्हय, जाऊ की खाली," आत्या म्हणाली. "तितं जाऊन आलं की."

"नही, आमा-ले. अभी."

"हे कोण ठरवणार? मत घ्या."

आमच्या घरात भांडण मिटवायची ही एकच रीत आहे. हात वर करायचे. मांजर ठेवायची का, यावर मी दुसरीत असताना मतदान केलं आहे. जो हजर त्याला मत, मग तो गॅसचं सिलेंडर घेऊन आलेला का असेना. हरलेल्यानं कुरकुर करायची नाही, ही आत्याचीच अट. तिला ती सहसा पाळावी लागत नसे, कारण माझं मत कायम तिच्या बाजूनं पडायचं.

"वर जायचं म्हणणारे," आत्या म्हणाली आणि हात वर केला.

"खाली जायचं म्हणणारे."

गाइडनं माझ्याकडं पाहिलं. "मैं भी?"

"तू भी. हाजिर है ना," आत्या म्हणाली.

त्यानं हात वर केला. मी माझ्या बुटांकडं बघत माझा वर केला.

मग आत्या उठली, मफलर घट्ट केला आणि तोंड फिरवून उतरायला लागली. माथ्याकडं तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी पाहत होते.

उतरताना ती गाइडचा हात धरायची, माझा नाही. मी बाटली पुढं केली की घ्यायची, मोजून पुरेसं प्यायची, बाटली परत द्यायची, सगळं न बोलता. बरंच खाली आल्यावर तिच्या चेहऱ्याचा रंग परतला. एका धोंड्यावर बसून तिनं भाकरी मागितली, गाइडला चटणी दिली, त्याला ठसका लागला तेव्हा त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. मग मला म्हणाली, "हात वर करताना माझ्याकडं का बघितलं न्हाईस?"

"बघितलं असतं तर वर झाला नसता."

ती चावत राहिली. "शिकवलंय म्या, पण लई शिकवलंय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचं डोकं दुखायचं पूर्ण थांबलं. गुडघा मात्र सुजून भोपळा झाला होता. गाइड चौकशीला आला तेव्हा आत्यानं त्याला परस्पर सांगून टाकलं, की उद्या हिला ने. मी म्हटलं मी जाणार नाही. तू नाहीस तर मला तो माथा नको.

"आन मग लिहिशील, आत्यासाठी मागं राहिले म्हणून. माझ्या नावानं असला त्याग खपवायचा न्हाय. मी मतात हरले. तू कशात हरलीस?"

मी मतदान मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले. दर थांब्याला भरपूर पाणी प्याले आणि पोचले.

आम्ही उतरलो होतो त्या घरी परत आले तेव्हा ती खिडकीजवळ पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, बाजूला खारट चहा, जो तिला मुळीच आवडत नव्हता आणि जो ती घरधनिणीला वाईट वाटू नये म्हणून पीत होती.

"पोचलीस?"

"हो."

"काय दिसलं?"

"सगळीकडं माळच. डोंगरामागं डोंगर, सगळे उघडे. पलीकडं थोडं बर्फ." मग मी म्हणाले, "तुझ्याशिवाय मजा नाही आली."

आत्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "खोटं बोलू नको."

"आली," मी म्हणाले. "लई आली."

तिनं दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडं सरकवला आणि पलंगावर जागा केली.

"मग बस हितं. पहिल्यापासनं सांग. आन पळवू नको."